कुठली प्रत घेऊ?

'काइंड ऑफ ब्लू' या जाझ रेकॉर्डची पहिली बाजू ३३ वर्षं चुकीच्या सुरात वाजत होती. २ मार्च १९५९ या दिवशी न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आणि मंडळींनी त्या बाजूवरच्या तीन रचना वाजवल्या तेव्हा मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर जे मुद्रित होतं ते नेहमीच्या वेगाने वाजवलं की लय जरा वाढते आणि सूर चढतो. अर्ध्या सुराहून कमीच, पण चढतो. २२ एप्रिलला दुसरी बाजू मुद्रित झाली तेव्हा मशीन ताळ्यावर आलं होतं. पहिल्या दिवशी राखीव म्हणून आणखी एक मशीन चालू होतं आणि त्याचा वेग बरोबर होता. पण त्या राखीव टेपकडे वळून चूक दुरुस्त व्हायला १९९२ साल उजाडलं.

मधल्या काळात रेकॉर्ड लावून तिच्याबरोबर वाजवत शिकणाऱ्या कितीतरी जणांनी आपलं वाद्य त्या चढ्या सुराला जुळवून घेतलं असणार. सॅक्सोफोनवाल्याला ते जमतं. पियानोवाल्याची पंचाईत, त्याने काय तारा पिळत बसायचं? आणि नुसत्या ऐकणाऱ्यांचं म्हणाल तर त्यांच्यासाठी तोच त्या बाजूवरच्या 'सो व्हॉट'चा खरा सूर झाला. दुरुस्त केलेली आवृत्ती ऐकून "जरा सैल वाटतंय" म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांचे कान खोटं बोलत नव्हते.

माझा भाचा नुकताच या नादाला लागलाय. "आत्या, 'काइंड ऑफ ब्लू'ची कुठली प्रत घेऊ?" एवढाच त्याचा निरोप होता. त्याला एका ओळीचं उत्तर हवं होतं आणि मला ते देता येईना. कारण जुना अल्बम पुन्हा काढायचा म्हणजे नेमकं काय पुन्हा काढायचं, इथेच घोडं पेंड खातं. त्या दिवशी खोलीत जे वाजलं ते, की पुढे रेकॉर्ड म्हणून लोकांच्या हातात जे पडलं ते?

'काइंड ऑफ ब्लू'पुरतं माझं उत्तर पक्कं आहे: खोलीतलं. मशीनचा वेग हा कुणाचा निर्णय नव्हता, तो बिघाड होता. ड्यूक एलिंग्टनच्या न्यूपोर्टच्या रेकॉर्डबाबत तर हे आणखीच खरं. ७ जुलै १९५६ च्या रात्री न्यूपोर्ट जाझ महोत्सवात त्याच्या वाद्यवृंदाने 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू' सुरू केलं आणि दोन भागांच्या मधल्या जागेत पॉल गोन्साल्व्हिसने टेनर सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनं घेतली. लोक उभे राहिले, नाचायला लागले. एलिंग्टनचे चांगले दिवस परतले म्हणतात ते या रात्रीने. गंमत अशी की गोन्साल्व्हिस कोलंबियाच्या मायक्रोफोनसमोर उभाच नव्हता. तो वाजवत होता शेजारच्या, व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या मायक्रोफोनमध्ये. त्यामुळे त्या प्रसिद्ध एलपीवर त्या रात्रीचा नायकच लांबून, कुणाच्या तरी पाठीमागून वाजवल्यासारखा ऐकू येतो. शिवाय एलपीचा बराचसा भाग महोत्सवानंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर टाळ्या मिसळून तयार केलेला होता.

पुढे १९९० च्या दशकात व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या टेप हाती लागल्या. जाझचे अभ्यासक फिल शाप यांनी कोलंबियाचं मोनो (एकाच वाहिनीचं) मुद्रण आणि व्हॉइस ऑफ अमेरिकाचं मोनो मुद्रण शेजारी शेजारी जुळवून त्यातून स्टिरिओ (डावा-उजवा असा दोन वाहिन्यांचा आवाज) उभा केला, आणि १९९९ मध्ये ती आवृत्ती निघाली. एकाच मैफलीला दोन कोपऱ्यांत बसलेल्या दोन श्रोत्यांचा एकेक कान घ्यावा तसं हे काम. त्यात गोन्साल्व्हिस पुढे येतो. विसाव्या-बाविसाव्या आवर्तनाच्या आसपास मागून साथीदारांचं ओरडणं, गर्दीची लाट, एलिंग्टनचं त्याला चेव आणणं, सगळं सुटं सुटं कळतं. जुन्या एलपीवर हा सगळा एकच कल्ला होता.

इथवर खोलीची बाजू भक्कम वाटते. मग 'बिचेस ब्रू' समोर येते आणि सगळा युक्तिवाद आडवा होतो. १९६९ च्या ऑगस्टमध्ये माइल्सच्या मंडळींनी स्टुडिओत जे वाजवलं ते तुकड्यांत होतं. निर्माता टिओ मासेरोने ब्लेड घेऊन टेप कापली, जोडली, काही तुकडे पुन्हा पुन्हा लावले. एकट्या 'फेरोज डान्स'मध्ये दीड डझनाहून जास्त जोड आहेत. 'खोलीत' ती रचना कधी वाजलीच नाही. ती कापाकापीच्या टेबलावर जन्मली. तिथे 'मूळ वाजवलेलं जसंच्या तसं' मागणारा माणूस चुकीच्या दारात उभा आहे. १९९८ मध्ये त्या सगळ्या सत्रांचा बॉक्स सेट निघाला, त्यात अल्बमही नव्याने मिक्स केला होता, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांच्या आवाजांचा तोल पुन्हा ठरवला होता. मला तो अभ्यासाला आवडतो. ऐकायला मी जुनंच लावते.

चार्ल्स मिंगसच्या 'मिंगस आह अम'ची गोष्ट या दोन्हींच्या मधली. १९५९ च्या त्या एलपीत बऱ्याच रचनांमधले एकल वादनाचे भाग कापून आखूड केले होते. नंतरच्या आवृत्त्यांनी ते परत आणले. परत आणलं म्हणजे चांगलंच झालं असं सगळे धरून चालतात. मला खात्री नाही. काही ठिकाणी ती कात्री शहाणी होती.

रॉकमध्ये तर खोली बहुतेक वेळा नसतेच. 'सार्जंट पेपर' कुठल्याही खोलीत एका दमात वाजवलेलं नाही. ते थरावर थर चढवत बांधलेलं आहे. तिथे प्रश्न वेगळा: कुठलं मिक्स? १९६७ मध्ये बीटल्सनी जीव ओतला तो मोनो मिक्समध्ये. स्टिरिओ मिक्स नंतर, ते चौघे हजर नसताना, थोडक्या दिवसांत उरकलं गेलं. दोन्हींत फरकही आहेत. 'शीज लीव्हिंग होम' मोनोमध्ये जलद आणि वरच्या सुरात आहे, स्टिरिओत ते मंद आणि उतरलेलं. पण १९८७ मध्ये सीडी निघाली ती स्टिरिओची, आणि पुढच्या पिढीला तेच 'सार्जंट पेपर' मिळालं. मोनो सीडीवर यायला २००९ चा संच यावा लागला. २०१७ मध्ये मूळ निर्मात्याचा मुलगा जाइल्स मार्टिन याने नवा स्टिरिओ केला तेव्हा त्याने मोनोला प्रमाण मानलं आणि ते गाणं पुन्हा जलद झालं.

म्हणून कुठल्याही नव्या आवृत्तीत मी आधी हे बघते की कुणीतरी बसून काय ठरवलंय आणि ते ठरवणारं माणूस कोण आहे. कव्हरवर सोनेरी अक्षरांत 'रीमास्टर्ड' छापलेलं असतं त्याला काही अर्थ नाही. बिछान्याची चादर बदलली एवढंच ते सांगतं. कुणी, कशी, हे सांगत नाही.

एलपी असेल तर उत्तर तबकडीवरच असतं. ती दिव्याखाली तिरपी धरायची. शेवटची खोबणी संपली की लेबलापर्यंत एक गुळगुळीत काळा पट्टा उरतो, त्यात बारीक अक्षरं ओरखडलेली किंवा ठोकलेली दिसतात. ब्लू नोट या जाझ कंपनीच्या जुन्या रेकॉर्डवर तिथे 'आरव्हीजी' असतं: रूडी व्हॅन गेल्डर. हा गृहस्थ पेशाने डोळे तपासणारा. न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक इथे आईवडिलांच्या दिवाणखान्यात त्याने जाझच्या इतिहासातली कित्येक पानं मुद्रित केली. १९५९ मध्ये एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. त्याच पट्ट्यात कधी कानाच्या आकाराची एक खूण सापडते. ती खरं तर 'पी' हे अक्षर आहे, प्लॅस्टिलाइट या कारखान्याचं. १९६० च्या दशकाच्या मध्याला ब्लू नोट लिबर्टी या कंपनीच्या ताब्यात गेली आणि तो कान दिसेनासा झाला. कान असलेल्या तबकडीसाठी संग्राहक काय काय करतात ते लिहायला वेगळा लेख लागेल, आणि तो फार सन्मानाचा होणार नाही.

नव्या तबकड्यांवर त्याच पट्ट्यात 'केपीजी' दिसलं की मी निम्मी निर्धास्त होते. केव्हिन ग्रे. २०१९ पासून ब्लू नोटची टोन पोएट ही मालिका जो हार्ले यांच्या देखरेखीखाली निघते आहे, तिचं कटिंग, म्हणजे खोबणी कोरण्याचं काम, त्याचं. या तबकड्यांना घाई नाही. झांजा चमकतात पण टोचत नाहीत, डबल बेसची तार सुटल्याचा आवाज येतो. उलट स्वतः व्हॅन गेल्डरने १९९९ पासून आपल्याच जुन्या मुद्रणांच्या ज्या सीडी नव्याने केल्या, त्यांच्याबद्दल दोन तट आहेत. काहींच्या मते ज्याने मुद्रण केलं त्याचाच शब्द शेवटचा. मी दुसऱ्या तटात आहे. चाळीस वर्षांनंतरच्या त्याच्या कानांना सगळं जास्त पुढे, जास्त मोठं हवं होतं असं त्यातल्या बऱ्याच सीडी ऐकताना वाटतं. मूळ कर्त्यालाही आपल्या जुन्या कामात लुडबुड करायचा मोह आवरत नाही.

याचा कळस म्हणजे 'रॉ पॉवर'. स्टूजेस या रॉक बँडचा १९७३ चा हा अल्बम, बहुतांश मिक्स डेव्हिड बोवीचं, आणि ते पातळ आहे ही तक्रार खरीच. १९९७ मध्ये बँडचा गायक इगी पॉपने स्वतः तो पुन्हा मिक्स केला आणि आवाज असा चढवला की वर जायला जागाच उरली नाही. डिजिटल माध्यमात आवाजाला छत असतं. सरासरी आवाज वाढवायचा तर शिखरं छाटायची, हाच मार्ग. छाटली की गिटारचा पहिला घाव आणि त्यानंतरची गुंज यांच्यातलं अंतर मिटतं. पहिली दोन मिनिटं अंगावर येतात. चौथ्या गाण्यापर्यंत कान थकतो आणि का थकलाय ते कळत नाही. १९९० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं रॉकच्या असंख्य नव्या आवृत्त्या याच हव्यासाने नासल्या. 'रॉ पॉवर'ला निदान तो रासवटपणा शोभतो तरी. २०१० मध्ये बोवीचं मिक्स परत आलं. दोन्ही ठेवण्यासारखी आहेत, असं मी क्वचितच म्हणते.

मिक्स बदलणं वेगळं आणि माणसं बदलणं वेगळं. ऑझी ऑस्बोर्नच्या पहिल्या दोन अल्बमच्या २००२ च्या आवृत्त्यांमध्ये मूळ बास आणि ड्रम्स काढून ते दुसऱ्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतले होते. मागे मूळ वादकांशी कायदेशीर तंटा होता. २०११ मध्ये मूळ वादन परत आलं. फ्रँक झापानेही १९८० च्या दशकात आपल्या जुन्या अल्बमवर असाच प्रयोग केला होता. अशी प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नये.

एवढं ऐकून कुणाला वाटेल की ही बाई जुन्या मिक्सला हात लावायच्याच विरोधात आहे. तसं नाही. स्टीव्हन विल्सनने २००९ पासून किंग क्रिम्झन या रॉक बँडचे अल्बम त्यांच्याच रॉबर्ट फ्रिपच्या सहभागाने नव्याने मिक्स केले, पुढे जेथ्रो टल आणि येस या बँडचे. 'अ‍ॅक्वालंग' ही जेथ्रो टलची १९७१ ची रेकॉर्ड गाणी म्हणून अव्वल आणि आवाज म्हणून घुसमटलेली. २०११ च्या मिक्समध्ये तिच्यावरची गोधडी काढल्यासारखी झाली. विल्सनचं कौशल्य असं की गाणं कुठेही आधुनिक झालेलं नाही. तोच तोल, त्याच जागा. फक्त भिंतीपलीकडून येणारं आता समोरून येतं. असं करणाऱ्याला स्वतःची सही करण्याची हौस बाजूला ठेवावी लागते, आणि ती बहुतेकांना ठेवता येत नाही.

आता बोनस ट्रॅक. एलपीच्या जागी सीडी आली, जागा वाढली, आणि कंपन्यांनी ती भरायला घेतली. एकाच रचनेचे दोन-दोन, तीन-तीन टेक, म्हणजे वेगवेगळ्या वेळी वाजवलेली रूपं. तेही कधी शेवटी न लावता मूळ टेकच्या पाठोपाठ! अल्बमचा क्रम कुणीतरी विचार करून लावलेला असतो. मधे तीच रचना पुन्हा सुरू झाली की सगळी बैठक मोडते. माझा साधा नियम: अल्बम आधी पूर्ण, उरलेलं नंतर, जमल्यास वेगळ्या तबकडीवर.

या नियमाला एक अपवाद मी आनंदाने करते. पियानोवादक बिल इव्हान्स, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, २५ जून १९६१. एका रविवारचे पाच कार्यक्रम, त्यातून दोन एलपी निघाले. अकराव्या दिवशी बासवादक स्कॉट लाफॅरो मोटार अपघातात गेला. तो २५ वर्षांचा होता. २००५ मध्ये त्या दिवसाचं सगळं मुद्रण वाजवलं त्या क्रमाने तीन सीडींवर आलं. पहिलीच रचना 'ग्लोरियाज स्टेप', लाफॅरोचीच. ती सुरू होते आणि मधेच वीज जाते. टेप बंद पडते, परत येते, मधला तुकडा नाही. जुन्या दिवसांत कुणी हा टेक छापलाच नसता आणि ते बरोबरच होतं. पण तीन सीडी सलग ऐकताना वाजवण्याइतकाच तो दिवस ऐकू येतो: पेल्यांचा किणकिणाट, मागच्या टेबलावरची गप्पांची कुजबुज, हात आखडता घेऊन दिलेल्या टाळ्या. समोर काय चाललंय याची त्या श्रोत्यांना फारशी कल्पना नसावी.

तळघरांतल्या टेपची गोष्ट जाझचा निर्माता मायकेल कस्क्यूना याच्याशिवाय होत नाही. १९७० च्या दशकाच्या मध्याला तो ब्लू नोटच्या टेपच्या साठ्यात शिरला आणि तिथे कधीच न निघालेली सत्रंच्या सत्रं सापडली. ब्लू नोटचा संस्थापक आल्फ्रेड लायन याने जितकं मुद्रित केलं तितकं छापायला त्याच्याकडे ना पैसा होता ना वेळ. पुढे कस्क्यूनाने मोझेइक ही कंपनी काढली. पहिलाच संच थेलोनियस मंकच्या ब्लू नोट मुद्रणांचा. आजही या संचांच्या पुस्तिका मी रेकॉर्ड न लावताही वाचते. अँड्र्यू हिलचा 'पासिंग शिप्स' १९६९ मध्ये मुद्रित झाला आणि बाहेर आला २००३ मध्ये. हिल तेव्हा हयात होता, हे त्यातलं सुख. 

सगळ्यांचं असं होत नाही. २००८ च्या जून महिन्यात हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली, त्यात मास्टर टेपचा साठा जळाला. किती गेलं यावर आजही वाद आहे. कधी कधी वाचवते ती परगावी पाठवलेली प्रत. कोल्ट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम'ची २००२ ची आवृत्ती १९६५ मध्ये इंग्लंडला पाठवलेल्या टेपवरून केली गेली. आणि टेपचं वय हेही सरळ चालत नाही. १९५० च्या दशकातल्या कित्येक टेप खणखणीत आहेत, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या मात्र चिकट होतात, मशीनला लागल्या की त्यांचा थर सुटतो. मग त्या ५०-५५ अंश सेल्सिअसला काही तास भाजायच्या आणि थंड झाल्यावर घाईने उतरवून घ्यायच्या. हो, अक्षरशः भाजायच्या.

संग्राहकांच्या कानांबद्दलही बोलायला हवं. २०२२ मध्ये उघड झालं की मोबाइल फिडेलिटी या नामवंत कंपनीच्या बऱ्याच महागड्या एलपींच्या वाटेत एक डिजिटल पायरी होती. तोवर शुद्ध अ‍ॅनलॉगचा ऊबदारपणा काय असतो याचे दाखले म्हणून याच तबकड्या दिल्या जात होत्या. फसवणुकीचा राग रास्त होता. जे सांगितलं नाही ते सांगायला हवं होतं. पण आदल्या दिवशीपर्यंत जी तबकडी अप्रतिम वाजत होती ती दुसऱ्या दिवशी सपाट कशी वाजायला लागली, याचं उत्तर कुणी दिलं नाही. मला तेव्हापासून तांत्रिक तपशील आधी वाचायचा नाही, आधी ऐकायचं, अशी सवय लागली. ती नेहमी पाळली जाते असं नाही.

हे सगळं मी भाच्याला लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं: "बरं. पण घेऊ काय?"

मग यादीच दिली. 'काइंड ऑफ ब्लू'ची सूर दुरुस्त केलेली कुठलीही, फार खोलात जाऊ नकोस. 'अ‍ॅक्वालंग' २०११ ची, डोळे मिटून. 'सार्जंट पेपर' मोनो, नाही मिळालं तर २०१७. ब्लू नोटचं काहीही टोन पोएट मालिकेत दिसलं तर आधी कलाकार आवडतो का ते बघ, मालिका पूर्ण करायच्या फंदात पडू नकोस. आणि एकच घ्यायची असेल तर एलिंग्टनची न्यूपोर्ट, १९९९ ची. तिच्यात मैदानात वाजलेलंही आहे आणि स्टुडिओत टाळ्या मिसळून बनवलेलंही. दोन्ही लाव आणि तूच ठरव.

"आत्या," त्याने लिहिलं, "ती सीडी आहे ना? माझ्याकडे फक्त टर्नटेबल आहे."

सध्या त्याच्यासाठी एक बरा, जुना सीडी प्लेयर शोधते आहे.